बाळारामदादांचं सोसणं

बाळारामदादांना खुर्चीत बसताना पाहणं हा एक कार्यक्रमच असायचा. आधी दोन्ही तळवे टेबलावर टेकवायचे, डावा पाय जरा पुढे सरकवायचा, मग श्वास धरून अंग हळूहळू खाली सोडायचं. बूड खुर्चीला लागलं की लगेच समोरच्याकडे बघून हसायचं. ते हसू इतकं झटकन यायचं की आधीच्या खटाटोपाकडे कुणाचं लक्ष जाऊ नये. भिवंडीजवळ मानकोलीच्या ज्या गोडाऊनमध्ये मी डिस्पॅचला होते, तिथं पूर्वी नव्याने आलेल्या माणसाला महिनाभर तरी पत्ता लागायचा नाही की या माणसाच्या कण्यात पट्ट्या आणि स्क्रू बसवलेले आहेत.

उंच, रुंद, पन्नाशी ओलांडलेला आगरी माणूस. शर्ट कायम खोचलेला, खिशात दुखण्यावर मारायचा स्प्रे. त्याचा वास त्यांच्या आधी यायचा आणि ते गेल्यावरही ट्रक भरायच्या डॉकवर रेंगाळायचा. गोडाऊनच्या मागेच त्यांचं गाव. गोडाऊन ज्या जमिनीवर उभं होतं, ती त्यांच्याच घराण्याची. जागा भाड्याने देताना घरातल्या एकाला नोकरी द्यायची असं ठरलं होतं, तो एक म्हणजे दादा. रॅकांच्या मधून चालताना ते बोट खाली करून दाखवायचे, "इथं आमची भाताची खाचरा होती, बाय. लावनी करताना कंबर जायची. आता गोडाऊनमधी गेली. जायची ती जायचीच."

तरुणपणी ते गावाच्या संघातून कबड्डी खेळायचे. समोरच्याची कंबर धरण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे, असं गावातले लोक अजून सांगतात. त्या खेळातून त्यांनी एक शिकवण घेतली होती आणि ती ते सगळ्यांना ऐकवायचे. "दुखला तरी दाखवायचा न्हाय. गुडघा दुखतो असा एकदा दाखवला का समोरचा तिथंच घुसतो." हे सांगताना ते मुद्दाम ताठ उभे राहायचे. तसं ताठ उभं राहिल्यावर त्यांना काय व्हायचं ते मी पुष्कळ उशिरा पाहिलं.

कंबर गेली तीही अशाच ताठपणापायी. सणासुदीचे दिवस होते, ट्रकवर ट्रक लागले होते. दोन लोडर मिळून एक मोठं खोकं उचलत होते आणि त्यांना ते जमत नव्हतं. दादा सुपरवायझर. त्यांनी हात लावायचं काही कारण नव्हतं. पण ते हसले, पोरांना बाजूला सारलं, म्हणाले, "आई जेवाया घालीत न्हाय का रे?" आणि एकट्याने खोकं छातीशी घेऊन उचललं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दादांनी ते ट्रकमध्ये नेऊन ठेवलं, वळले, आणि ट्रकच्या फळीला धरून तसेच उभे राहिले. त्यांना खाली उतरवायला चौघं लागले.

मग गावातल्या माणसाकडून मालिश, मग पट्टा, मग ठाण्याचा डॉक्टर, मग ऑपरेशन. ऑपरेशन यशस्वी झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. एक्स-रेच्या फोटोत सगळं जागच्या जागी होतं. दुखणं मात्र गेलं नाही. कमरेतून डाव्या पायात उतरून तळव्यापर्यंत जायला लागलं. दादा सांगायचे, "ऑपरेशन पास झाला, मी नापास." ऐकणारे हसायचे. त्यांना दादांचं हेच आवडायचं.

पण त्यांचा स्वभाव नुसता गमत्या नव्हता. दुसऱ्याचं दुखणं त्यांना सहन व्हायचं नाही, म्हणजे त्यांना त्याचा राग यायचा. त्यांच्या बायकोचं, हिरावहिनींचं, अर्धं डोकं दुखायचं. दुखायला लागलं की त्या अंधाऱ्या खोलीत ओढणी बांधून पडायच्या. दादा डॉकवर त्यांची नक्कल करायचे, डोळे मिटून, कपाळाला हात लावून. "आमच्या हिची लाईट गेली आज." मला ते कधी आवडलं नाही. पण दादांवर फार वेळ रागवताही येत नसे. माझ्या घरी काही अडचण आहे हे माझ्या तोंडावरून ओळखणारे आणि काही न विचारता माझे गेटपास स्वतः करून टाकणारेही तेच होते.

भिवंडीत एका ट्रस्टच्या दवाखान्यात जुनाट दुखण्यासाठी वेगळी ओपीडी सुरू झाली. वहिनींनी धाक घालून दादांना तिथं पाठवलं. तिथं डॉक्टरांबरोबर श्रद्धा मॅडम होत्या, मानसशास्त्र शिकलेल्या, तिशीच्या. पहिल्या दिवशी दादा भडकून परत आले. "कंबर दुखते, आनि ती पोर मना इचारते झोप कशी लागते, राग येतो का, घरात कोन कोन हाय. मी काय येडा हाय?"

तरी ते पुन्हा गेले. का गेले ते त्यांनी सांगितलं नाही. माझा अंदाज, तिथं कुणीतरी अर्धा तास त्यांच्याकडे बघून बोलत होतं. मॅडमनी त्यांना श्वास सोडायला शिकवलं. काम तुकड्यातुकड्याने करायला शिकवलं, दुखायला लागल्यावर थांबायचं नाही, त्याच्या आधीच थांबायचं. दुखणं वाढलं की 'आता सगळं संपलं' असं मनात यायचं, तेव्हा त्या विचाराला नुसतं ओळखायचं आणि जाऊ द्यायचं. दादा डॉकवर एका बाजूला उभे राहून डोळे मिटून श्वास सोडायचे आणि लोडर एकमेकांना कोपर मारायचे. पण फरक पडला. ते पुन्हा रात्रीचे झोपायला लागले. चिडणं कमी झालं. दुखणं होतं तेवढंच होतं, पण त्याच्याबरोबर दिवस निघायला लागला.

एकदा मॅडमनी त्यांना विचारलं, तुमची ताकद कशात आहे? दादा म्हणाले, "सोसन्यात." मॅडम म्हणाल्या, "सोसणं ताकद आहे, दादा, पण सांगणंसुद्धा ताकदच आहे. तुम्ही ती कधी वापरत नाही." हे मला दादांनीच सांगितलं. पहिलं वाक्य ते छाती पुढे काढून बोलले. दुसरं वाक्य त्यांनी घाईत उरकलं.

साधारण त्याच सुमाराला कंपनीला दादा सापडले. आमचे मॅनेजर सक्सेनासाहेब वाईट माणूस नव्हते. वरून टार्गेट यायचं, ते खाली ढकलायचे. मुंबईच्या ऑफिसमधून दोन मुली कॅमेरा घेऊन आल्या. कामगारांच्या मनाच्या आरोग्यासाठी काहीतरी करायचं होतं. दादांनी नवा आकाशी शर्ट घातला. कॅमेऱ्यासमोर ते ताठ उभे राहिले, हसले आणि म्हणाले, "दुखन्याला कामाला लावला का तो गप बसतो." पोरी खूश झाल्या. आठवड्यात कँटीनच्या भिंतीवर दादांचा दारापेक्षा मोठा फोटो लागला. खाली लिहिलेलं, 'मी करू शकतो, तर तुम्ही का नाही?' नवीन माणूस कामावर लागला की त्याला आग लागली तर काय करायचं ते दाखवायचे आणि मग दादांचा व्हिडिओ दाखवायचे.

दादांना ते फार आवडलं, हे लपवण्यात अर्थ नाही. जेवायला ते त्या फोटोखालच्या बाकावर बसायचे. कुणी पाठ दुखते म्हणून सुट्टी मागितली की साहेब त्याला दादांकडे पाठवायचे आणि दादा त्याला कबड्डीची गोष्ट सांगून परत कामावर पाठवायचे. सुट्टीचे अर्ज कमी झाले. साहेबांनी दादांच्या पाठीवर थाप मारली. थाप नेमकी नको तिथं बसली. दादा हसले.

एका दुपारी कार्टनचा नंबर तपासायला मी मागच्या रॅकांच्या गल्लीत गेले होते. दादा तिथं होते. कपाळ खोक्यांच्या थप्पीला टेकवलेलं, दातात रुमाल घट्ट धरलेला, मान घामाने चिंब. डावा पाय अधांतरी थरथरत होता. मी मागच्या मागे निघाले, तर पायाखाली प्लॅस्टिक वाजलं. त्यांनी रुमाल तोंडातून काढला, तोंड पुसलं आणि हसले. "स्टॉक मोजतो, बाय," ते म्हणाले.

पॅकिंगच्या टेबलावर वैशाली नावाची बाई होती. पडघ्याहून यायची, दोन मुलांची आई, कामाला चपळ. टेप ओढून, तोडून, चिकटवून दिवसभर हात चालायचा. तिच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या, मग अंगठा दुखायला लागला. तिने साहेबांना सांगितलं, थोडे दिवस दुसऱ्या कामाला लावा, स्कॅनिंगला वगैरे. साहेबांनी नेहमीप्रमाणे कँटीनच्या भिंतीकडे बोट केलं.

जेवणाच्या सुट्टीत दादांनी तिला हाक मारली. सगळे जेवत होते. "काय गो, हात दुखतो?" ती काही बोलायच्या आत त्यांनी शर्ट वर केला, पाठ वळवली आणि कण्यावरचा लांब व्रण सगळ्यांना दाखवला. "हे बघ. आत लोखंड हाय. मी काय झोपून ऱ्हायलो? तुझा तर नुसता अंगठा हाय." सगळे हसले. वैशालीही हसली. डबा बंद करून ती टेबलावर गेली आणि त्यानंतर तिने हाताबद्दल कुणालाही काही सांगितलं नाही.

काही महिन्यांनी तिच्या हातून वस्तू पडायला लागल्या. आधी टेपची कात्री, मग काचेच्या बाटल्यांचं खोकं. मालाची नासधूस म्हणून साहेबांनी समज दिली. दुसऱ्यांदा पडलं तेव्हा तिला घरी बसवलं. हिशेबाचे कागद घ्यायला ती आली त्या दिवशी मी गेटजवळच्या केबिनमध्ये होते. सही करायची होती आणि तिच्या बोटांत पेन राहत नव्हतं. शेवटी तिने डाव्या हाताने कशीबशी सही केली.

दादा ट्रक तपासून गेटवर आले. "वैशाली, किती दिस दिसली न्हाय," ते म्हणाले.

"काम सुटलं, दादा."

"का?"

तिने उजवा हात पुढे केला. अंगठ्याच्या मुळाशी आपल्या सगळ्यांच्या हाताला जो मांसल उंचवटा असतो, तो तिथं नव्हता. खळगा पडला होता. "मनगटात नस दाबली गेलीये," ती म्हणाली. "ऑपरेशन करतील. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, गेलेली ताकद परत येईल असं नाही. भाकरी थापता येत नाही आता."

दादा त्या हाताकडे बघत राहिले. "आधी का न्हाय गेलीस डॉक्टरकडं?"

वैशालीच्या आवाजात राग नव्हता. रस्ता सांगावा तसं ती बोलली. "तुमच्याकडं बघून गप्प बसले, दादा."

ती रिक्षात बसून गेली. दादा गेटच्या खांबाला टेकून उभे होते. आत हॉर्न वाजत होते, कुणीतरी त्यांना हाका मारत होतं. मी त्यांना पाणी दिलं. ते न पिता त्यांनी पेला नुसता हातात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि भिंतीवरचा फोटो काढायला सांगितला. साहेब म्हणाले, "दादा, आप तो सबके लिए मिसाल हो." दादांनी पुन्हा सांगितलं. साहेबांनी मुंबईला विचारतो म्हणून सांगितलं. मुंबईहून उत्तर आलं नाही.

मग दादांनी दुसरंच सुरू केलं. "काय दादा, कसं काय?" असं कुणी विचारलं की इतकी वर्षं ते "एकदम फस्क्लास" म्हणायचे. आता ते "दुखतंय" म्हणायला लागले. तेवढंच. आवाज न चढवता, तक्रार न करता. पहिले काही दिवस लोक थांबले, हळहळले, कुणी तेल सुचवलं, कुणी वैद्य. मग विचारणं कमी झालं. डॉकवरून येणारे लांबच्या बाजूने जायला लागले. ज्या लोडरांना दादा दुपारी आपला स्प्रे मारून द्यायचे, तेच म्हणायला लागले, "दादा हल्ली फार रडतात." ऑफिसात शब्द आला, निगेटिव्ह. मी काही दिवस त्यांना दिवसातून दोनदा विचारायचे, कसे आहात. ते मला म्हणाले, "बाय, तू नको इचारू. तुना माहीत हाय."

घरीही फार वेगळं नव्हतं. एका संध्याकाळी त्यांनी वहिनींना वैशालीचं सगळं सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता कलला?" एवढंच बोलून त्या पडायला गेल्या. त्यांचं डोकं दुखत होतं. दादा म्हणाले, "मी दाराशी बसून ऱ्हायलो. आत जाया धीर झाला न्हाय. इतकी वर्सा हसलो, आता कंच्या तोंडाने तिचा डोका दाबू?"

त्या आठवड्यात ते श्रद्धा मॅडमकडे निघाले तेव्हा मी बरोबर होते, कामतघरला माझं घर वाटेवरच. दादांनी मलाही आत बसवून घेतलं. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "दादा, तुम्ही सांगायला लागलात, ही फार मोठी गोष्ट आहे."

दादा खाली बघत होते. "मना सांगाया शिकवलात, मॅडम. पन आयकाया कोनाला शिकवलात?"

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते लपवलं नाही. "मला फक्त इथं येणाऱ्यांना भेटता येतं, दादा," त्या म्हणाल्या. दादांनी मान हलवली. त्यांनाही ते पटलं होतं, पण त्याने काही सुटत नव्हतं.

गोडाऊनमध्ये सुरक्षेच्या कार्यक्रमाला मुंबईहून पाहुणे आले. डॉकवर सतरंजी, खुर्च्या, माईक. दादांनी दोन शब्द बोलावेत असं महिन्याआधीच ठरलेलं होतं आणि ते बदलायला कुणी धजावलं नाही. दादा माईकपाशी गेले.

"तो फोटो माझा हाय," ते म्हणाले. "फोटो काढला तवा मी जादा गोल्या खाऊन आलतो. घरी गेलो आनि दोन दिस उठलो न्हाय. हे कोनी सांगितला न्हाय, मीबी न्हाय. माझ्याकडं बघून एक बाई गप बसली, तिचा हात गेला." साहेब उठून उभे राहिले, पुन्हा बसले. दादा पुढे म्हणाले, "इथं ज्याचा काय दुखत असेल त्याने हात वर करा. मी हाय इथं. कोन काय बोलनार न्हाय."

समोर सगळी शिफ्ट उभी होती. त्यातल्या निम्म्यांची पाठ, खांदे, गुडघे कसे आहेत हे दादांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. स्प्रेचा वास त्या गर्दीतूनच येत होता. एकही हात वर झाला नाही. काही जण जमिनीकडे बघत होते, काही जण साहेबांकडे. दादा थांबले, बराच वेळ थांबले. मग माईक ठेवून खाली उतरले. डॉकच्या पायऱ्या उतरताना त्यांना धरायला हवं होतं, पण कुणी पुढं झालं नाही. मी खुर्च्यांमधून वाट काढत पोहोचेपर्यंत ते उतरले होते.

पंधरवड्यात त्यांची तपासणी झाली आणि त्यांना कामासाठी अयोग्य ठरवलं गेलं. कारण विचारलं तेव्हा सांगितलं, तुम्हीच सगळ्यांसमोर म्हणालात की झेपत नाही. इतके दिवस ज्याच्या झेपण्याचा फोटो लावला होता, त्याच्या एका खऱ्या वाक्यावर कंपनीने ताबडतोब विश्वास ठेवला. जमिनीच्या करारातली नोकरी आता त्यांच्या मुलाला, नितेशला, मिळाली. दादांना वाटलं होतं, मुलगा भांडेल. नितेश त्यांना म्हणाला, "बाबा, ते आपले भाडेकरू हायत. कशाला वाकडा घ्यायचा?" दादांनी मला हे गेटबाहेर उभं राहून सांगितलं आणि वर म्हणाले, "बरोबर बोलतो तो. मीच शिकवलाय त्याला, दुखला तरी दाखवायचा न्हाय."

त्या दिवसानंतर ते गोडाऊनकडे फिरकले नाहीत. वैशालीच्या घरी ते पडघ्याला जाऊन आले, असं ऐकलं. तिच्या नवऱ्याने त्यांना दारातूनच परत पाठवलं. मीही पुढे ते काम सोडलं.

मागच्या वर्षी आईला घेऊन, तिचे रिपोर्ट दाखवायला मी त्याच ट्रस्टच्या दवाखान्यात गेले होते. गर्दी इतकी की लोक जिन्यावर बसलेले. भिंतीकडेच्या एका बाकावर एक माणूस आडवा झोपला होता, गुडघे वर घेऊन, डोळे मिटून. दादा होते. पार वाळले होते. दाढी वाढलेली. शेजारी हिरावहिनी उभ्या होत्या, हातात फाईल. त्यांनी मला ओळखलं, मानेनेच बस म्हणाल्या, पण बसायला जागा नव्हती. श्रद्धा मॅडम आता इथं नसतात, असंही त्यांनीच सांगितलं.

तेवढ्यात लुंगीवर शर्ट घातलेला, यंत्रमागावरचा एक कामगार बाकापाशी आला. उभं राहून कंटाळला होता. "चाचा, उठ जाओ जरा. बाकी लोग भी बैठेंगे."

दादांनी डोळे उघडले. "बैठने को नहीं होता," ते म्हणाले. "दुखता है."

"दर्द तो सबको है, चाचा."

मला वाटलं, आता दादा चिडतील. ते कोपरावर जरासे उचलले गेले आणि त्या माणसाकडे नीट बघत त्यांनी विचारलं, "तेरे को किधर है?"

तो माणूस गोंधळला. त्याचा हात आपसूक उजव्या खांद्याकडे गेला, तिथं क्षणभर थांबला. दादा वाट बघत होते. तो काहीतरी बोलेल असं वाटत होतं. मग आजूबाजूचे लोक बघताहेत हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने हात खाली घेतला.

"कुछ नहीं," तो म्हणाला आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

दादा त्याच्या पाठीकडे बघत राहिले. आमचा नंबर पुकारला गेला तेव्हाही ते तसेच बघत होते. मी आईला धरून आत नेलं.